एकोणीसपैकी अठरा

जगात फोटोग्राफर दोनच प्रकारचे असतात, रेंजफाइंडरवाले आणि इतर. हा सिद्धान्त माझा आहे. तो मी एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या कचेरीत मांडला, त्यानंतर सोळा वर्षं छायाचित्रकार संघाच्या सभागृहात मांडला, आणि दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडलेलो असतानाही हातवाऱ्यांनी मांडला. परवाच्या रविवारी सकाळी साडेदहाला, संघाच्या वार्षिक सभेत, त्या सिद्धान्ताची आकडेवारी जाहीर झाली. एकशे बारा सभासदांत रेंजफाइंडरवाले निघाले एकोणीस आणि इतर निघाले त्र्याण्णव. ज्यांनी काढलेले फोटो लोकांना आठवतात असे सगळे त्या त्र्याण्णवांत होते. मला सोडून, असं मी तिथल्या तिथे मनात जोडून घेतलं.

पाहणी माझ्या मुलीनेच केली होती. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि संघाची चिटणीस आहे. घरी ती मला बाबा म्हणते, सभेत माजी अध्यक्ष म्हणते, आणि दोन्हीकडे माझं सारखंच ऐकते, म्हणजे ऐकत नाही. महागड्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचा व्यावसायिक आणि हौशी सभासदांमधला प्रसार, असं तिने पाहणीचं नाव ठेवलं होतं. आठ प्रश्नांचा कागद, त्यावर नाव लिहायचं नाही, घडी घालून दाराजवळच्या खोक्यात टाकायचा. आता ती भिंतीवरच्या पडद्यावर एकेक तक्ता दाखवत होती आणि लोक आपापली घडी कुठल्या रकान्यात जाऊन पडली ते शोधत होते. व्यावसायिक सभासद एक्केचाळीस, त्यांत असा कॅमेरा असलेले दोन. हौशी एकाहत्तर, त्यांत सतरा. म्हणजे ज्यांचं पोट कॅमेऱ्यावर आहे त्यांच्यात विसांत एक, आणि ज्यांचं पोट आधीच भरलेलं आहे त्यांच्यात चारांत एक. हे दुसरं वाक्य तिचं नव्हे, माझं. तिने फक्त विसांत एक आणि चारांत एक एवढंच म्हटलं आणि पुढच्या तक्त्याकडे वळली. त्या सतरांत दातांचे डॉक्टर सहा, कर सल्लागार चार, निवृत्त बँक मॅनेजर तीन, इमारतींचे नकाशे काढणारे दोन, विमान चालवणारा एक आणि डोळ्यांचा डॉक्टर एक. डोळ्यांचा डॉक्टर एकच का, याचं उत्तर त्याला स्पष्ट दिसत असावं. दातवाल्यांचं मला समजू शकतं. जो माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडातल्या अंधारात वाकून बघतो, त्याला संध्याकाळी एखाद्या उजळ काचेतून बघावंसं वाटणारच. आणि ती काच उजळ असते हो. रेंजफाइंडरची सगळी जादूच ती. बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. खिडकीच्या मधोमध एक लहानसा चौकोन असतो, त्यात समोरच्या माणसाची दोन चित्रं दिसतात, एक खरं आणि एक त्याच्या शेजारी सरकलेलं. रिंग फिरवत फिरवत ती दोन एकावर एक आणायची. आली की बटण दाबायचं. आवाज एवढाच होतो की जणू कॅमेऱ्याने मनातल्या मनात ‘च्’ केलं.

दोन व्यावसायिकांपैकी एक स्टुडिओवाला. त्याने कॅमेरा दुकानाच्या दर्शनी कपाटात ठेवलाय, समोर ‘हात लावू नये’ अशी पाटी आहे आणि ती तो स्वतःही पाळतो. दुसरा मी. पाचवा प्रश्न होता, या कॅमेऱ्याने आयुष्यात किती छायाचित्रं प्रत्यक्ष कामासाठी काढलीत. मुलीने दोन व्यावसायिकांची बेरीज वाचून दाखवली, सात. सभागृहात थोडी चुळबुळ झाली. ती सातही माझी होती, आणि त्यांत तीन एकाच म्हशीची होती, पण हे कागदावर विचारलेलं नव्हतं. माझं नाव ज्या फोटोंवरून झालं, कोसळलेल्या पुलाच्या उरलेल्या कठड्यावर बसून डबा खाणारा मजूर, न्यायालयाच्या पायरीवर चप्पल शोधणारा मंत्री, ते सगळे कचेरीच्या साध्या रिफ्लेक्स कॅमेऱ्याने काढलेले आहेत. आरसा खाडकन उचलणारा, कोपरे झिजलेला, चार जणांत वाटून वापरायचा कॅमेरा. रेंजफाइंडर असे छातीवर आणि तो असे पिशवीत. लोक छातीकडे बघून म्हणत, वा, आणि मी पिशवीत हात घालून काम उरकत असे. सत्कार छातीचा, मजुरी पिशवीची. यात मी कुणाला फसवलं असं मला कधी वाटलं नाही. लग्नाच्या वरातीत घोडा नवऱ्याला मिरवतो, पण नवऱ्याला कुणी विचारत नाही की रोज ऑफिसला कशाने जातोस.

मग सातवा प्रश्न आला. लेन्सचं झाकण न काढता आपण कधी फोटो काढले आहेत का. जे त्र्याण्णवांत मोडतात त्यांच्यासाठी मुलीने समजावून सांगितलं की साध्या कॅमेऱ्यात तुम्ही लेन्समधूनच बघता, झाकण राहिलं तर डोळ्यापुढे काळोख, चूक तिथेच कळते. इथे तसं नाही. इथे खिडकीतून लख्ख दिसत राहतं, आकाश दिसतं, माणसं हसताना दिसतात, आणि फिल्म आत काळोखात बसून असते. उत्तर होतं, एकोणीसपैकी अठरा, हो. सभागृह मोकळेपणी बोलायला लागलं. एक दातवाला उठून सांगायला लागला की तो बर्फाच्या शिखरावरचा सूर्योदय बघायला चार दिवस चालत गेला होता, बायकोचा गुडघा त्यात कायमचा गेला, आणि फोटो म्हणाल तर एक नाही. कर सल्लागार म्हणाला, माझे दोन सूर्योदय. विमानवाला म्हणाला की ढग तर मोजतच नाही मी. लोक अपयशाची बोली लावत होते आणि वरचढ ठरत होते. मीही हसत होतो. तेवढ्यात मुलीने हात वर केला आणि म्हणाली की एक सभासद मात्र नाही म्हणतो, एकोणीसांत एक, इतक्या वर्षांत एकदाही नाही. तिला त्या माणसाचं कौतुक करायचं होतं. नाव नाही विचारत, म्हणाली, पण हरकत नसेल तर त्यांनी उभं राहावं. टेबलावर एक पुष्पगुच्छसुद्धा होता. तो मूळ कुणासाठी आणला होता मला माहीत नाही.

ते ‘नाही’ मी लिहिलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, चहा निवत असताना. पेन अडखळलंही नव्हतं. बावीस वर्षांचा सराव होता हाताला. आता साठ-सत्तर माना हळूहळू माझ्याकडे वळायला लागल्या, कारण दुसरा असणार कोण, आणि सूर्योदयवाला दातांचा डॉक्टर तर उघडच म्हणाला की उभे राहा ना सर, आम्हाला माहीत आहे. मी मान किंचित झुकवली. ही सवय आहे. कौतुक अंगावर आलं की मान झुकवायची, तेवढ्यात ते डोक्यावरून जातं आणि दिसायलाही बरं दिसतं. पण माझ्या उजव्या हाताला हायपो बसला होता. हायपो म्हणजे आमचा लॅबवाला. फिल्म पक्की करायच्या रसायनाचं नाव त्याला चिकटलं ते पन्नास वर्षांपूर्वी. खरं नाव मतदारयादीत असेल. त्याच्या अंगठ्यांची नखं अजून तपकिरी आहेत. तो म्हणतो वास गेला, पण मला येतो, आंबूस आणि ओला, शाळेच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकावं तसा. मी त्याच्याकडे बघितलं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून फक्त त्याचा हात दिसत होता, मांडीवर ठेवलेला, अगदी शांत.

मुलीचं लग्न बावीस वर्षांपूर्वी नोंदणी पद्धतीने झालं होतं. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, हिरवट भिंती, डाव्या बाजूने येणारा उजेड, असा की तो बघून माणसाला आपण चित्रकार असतो तर बरं झालं असतं असं वाटावं. मी आदल्या दिवशी जाहीर केलं होतं की माझ्या मुलीच्या लग्नात माझ्याशिवाय कुणी कॅमेरा बाहेर काढला तर मी जेवणार नाही. जावयाच्या एका मित्राकडे प्लास्टिकचा खेळण्यासारखा कॅमेरा होता. तो मी स्वतः त्याच्या पिशवीत परत ठेवायला लावला आणि वर त्याला दोन वाक्यांत फोटोग्राफी समजावून सांगितली. पिशवीतला रिफ्लेक्सही मी त्या दिवशी घरी ठेवला. त्या दिवशी मला मजुरी करायची नव्हती. छत्तीस फोटोंची फिल्म रेंजफाइंडरमध्ये भरली, उजेड डोळ्यांनी मापला, आणि कामाला लागलो. मी आजवर इतकं चांगलं काम केलेलं नाही. हे मी गर्वाने सांगत नाही, ते फोटो मी पाहिलेत म्हणून सांगतो. मुलगी सही करायला वाकली तेव्हा तिची वेणी पुढे सरकली आणि तिने ती न बघता खांद्यामागे टाकली. कारकून शिक्का मारून त्यावर फुंकर घालत होता. जावई रुमाल चुकीच्या खिशात शोधत होता आणि आमची ही, म्हणजे बायको, चष्मा काढून पुसत होती, पुसून झाला तरी पुसत होती. चौकोनात दोन दोन चित्रं यायची आणि माझ्या बोटाखाली एक व्हायची. च्. च्. च्. विहीणबाई मात्र मधेच काहीतरी सांगायला लागल्या, माझ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून. अहो, ते पुढचं, असं काहीसं. मी त्यांना हाताने थांबवलं आणि म्हणालो, बोलू नका, चेहरा हलतो. त्या बोलल्या नाहीत. भल्या बाई. महागाचे कॅमेरे झाकणातूनही काढत असतील असं त्यांनी समजून घेतलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हायपोने बोलावलं. त्याचं दुकान म्हणजे पुढे एक फळी आणि मागे एक काळी खोली, त्यात सतत नळ ठिबकायचा. फिल्म तारेवर चिमट्याने लटकत होती. तिच्यातून मला समोरच्या गल्लीतली सायकल दिसली, स्वच्छ, खिडकीतून दिसावी तशी. छत्तीस कोऱ्या चौकटी. आणि कडेला बारीक काळ्या आकड्यांची रांग, एक, दोन, तीन, शेवटी छत्तीस. ते आकडे कारखान्यातच उजेडाने फिल्मवर घातलेले असतात आणि धुताना उमटतात. धुण्यात चूक झाली असती, रसायन मेलं असतं, पाणी गरम झालं असतं, तर आकडेही उमटले नसते किंवा फिके तरी पडले असते. ते उमटले होते, छापील पुस्तकातल्यासारखे. मी आकडे बघितले. मी आकडे बघतोय हे हायपोने बघितलं. मग तो म्हणाला, वाळली आहे, घेऊन जा. एवढंच. घरी सगळे जेवणाच्या टेबलाभोवती वाट बघत होते. मी म्हणालो, लॅबमधून अशीच आली. या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही, तपासून बघावा. लॅबमधूनच आली होती आणि अशीच आली होती. मुलीने फिल्म उजेडापुढे धरली आणि म्हणाली, म्हणजे हायपोकाकांनी… आणि थांबली. मी हो म्हणालो नाही. मी उसासा टाकला. उसासा हे काही विधान नव्हे.

त्या उसाशाने हायपोचं दुकान बसलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. वर्षभर लागलं त्याला. लग्नाचे फोटो काढणारे आधी बिचकले, ज्याने इतक्या मोठ्या माणसाच्या मुलीची फिल्म घालवली तो आपलं काय ठेवील म्हणून, मग दुसऱ्या गल्लीतल्या लॅबकडे वळले. मला कुणी विचारलं तर मी म्हणायचो, होतं असं कधी कधी, माणूस चांगला आहे. माणूस चांगला आहे, हे वाक्य एखाद्याच्या धंद्याविषयी बोललं की काय करतं ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. हायपो पुढे एका इस्पितळाच्या क्ष-किरण विभागात लागला आणि बारा वर्षं तो लोकांच्या बरगड्या धूत होता. आमच्याकडचं त्याचं जेवण बंद झालं, कारण हिने बोलावणं बंद केलं. मुलगी रस्त्यात भेटली तर नमस्कार म्हणायची आणि घरी त्याचा उल्लेख ‘ते लॅबवाले’ असा करायची. ज्याच्या खांद्यावर बसून तिने आयुष्यातली पहिली सर्कस बघितली होती तो, ते लॅबवाले. आमची दोस्ती मात्र तशीच राहिली. सकाळचं फिरणं, सभेत शेजारी शेजारी खुर्ची, वर्तमानपत्रातल्या आजच्या फोटोंना नावं ठेवणं. अळीमिळी गुपचिळी. मधे एकदा मी इस्पितळातल्या त्याच्या काळ्या खोलीत गेलो होतो आणि लाल दिव्याखाली, धीर करून, त्या फिल्मचं, असं म्हणालो होतो. त्याने नळ मोठा केला. मी ते माफी समजून घरी आलो. स्वतःला माफ करायला नळाचा आवाज पुरतो, जरा मोठा सोडला की.

गंमत अशी की ते छत्तीस फोटो माझ्यापाशी आहेत. इतके स्पष्ट की मी कुठलाही मागे-पुढे करू शकतो. वेणी खांद्यामागे जाताना, हा चौथा. हिच्या चष्म्याच्या काचेत खिडकी उमटलेली, हा एकोणिसावा, आणि तो मी जगातल्या कुठल्याही प्रदर्शनात लावायला तयार आहे. कधी कधी दुपारी पडल्या पडल्या मी ती फिल्म पहिल्यापासून बघतो. पण घरातल्या माणसांपाशी ते नाहीत. हिला विचारलं तर ती म्हणते, मला तर त्या दिवसातलं काही आठवतच नाही, नुसती धावपळ. मुलीच्या घरात भिंतीवर समुद्राचा फोटो आहे, विकत आणलेला. लग्न झालेल्या जोडप्याच्या घरात लग्नाचा फोटो जिथे असतो तिथे तो आहे. बावीस वर्षं मी त्या समुद्रासमोर बसून चहा पितो आणि चांगला आहे म्हणतो.

तर सभागृहात माना वळलेल्या होत्या आणि मी उभं राहायच्या बेतात होतो. उभं राहायचं, मान झुकवायची, गुच्छ घ्यायचा, एक लहानसा विनोद करायचा. विनोदही तयार होता. गुडघ्यावर हात ठेवून मी वजन पुढे घेतलं, आणि तेवढ्यात शेजारी टाळी वाजली. हायपो टाळ्या वाजवत होता. सगळ्यांच्या आधी, एकटाच, सावकाश, तपकिरी नखांचे दोन हात एकमेकांवर आणत. मी त्याच्याकडे वळून बघितलं. तोंडावर उपहास असता तर मी निभावून नेलं असतं. उपहासाशी माझं जुनं जमतं. पण काहीच नव्हतं. मित्राचा सत्कार होतोय आणि माणूस टाळ्या वाजवतोय, एवढंच. मला त्याच्यात दोन हायपो दिसायला लागले. एक टाळ्या वाजवणारा आणि एक तारेवरच्या फिल्मशेजारी उभा असलेला, एकमेकांपासून बोटभर सरकलेले. मी कितीही प्रयत्न केला तरी ते दोन एकावर एक येईनात. मग लोकांनीही टाळ्या धरल्या. माझी मुलगी पुष्पगुच्छ हातात घेऊन टेबलाच्या पुढे आली. तिचा चेहरा आनंदी होता, संख्याशास्त्रातल्या माणसाला नियमाबाहेरचा एखादा सापडला की होतो तसा, आणि शिवाय तो तिचा बाप होता.

मी उभा राहिलो. टाळ्या थांबायची वाट बघितली. ते मला जमतं.

“तुझा आकडा चुकलाय,” मी म्हणालो. “मी ‘नाही’ असं लिहिलं होतं, पण झाकण माझंही राहिलं होतं. एकदाच. छत्तीसच्या छत्तीस.”

लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला, आणि माझं सगळं आयुष्य बघता त्यांचा दोष नव्हता. मुलगी हसली नाही. छत्तीस हा आकडा तिने ऐकला होता आणि आकडे ती सोडत नाही. तिने गुच्छ टेबलावर ठेवला, आडवा.

“कधी?”

“तुझ्या लग्नात.”

हसू ज्या क्रमाने सुरू झालं होतं त्याच क्रमाने विझत गेलं, पुढच्या रांगेपासून. दातवाल्याला ते सगळ्यांत शेवटी कळलं. मी म्हणालो की लॅबचा काही दोष नव्हता, फिल्म उत्तम धुतली होती, आणि हे मला त्याच दुपारी माहीत होतं. माझा आवाज चांगला लागला होता, मागच्या भिंतीपर्यंत जात होता, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं, आणि त्याची लाज वाटायला थोडा वेळ लागला. मुलगी माझ्याकडे बघत होती. मग तिने माझ्यावरून नजर काढली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीकडे नेली, आणि जो शब्द तिच्या तोंडून मी बावीस वर्षं ऐकला नव्हता तो, थोडा गंजल्यासारखा, बाहेर आला.

“हायपोकाका, तुम्हाला माहीत होतं?”

“आकडे आले होते ना कडेला,” हायपो म्हणाला. “डेव्हलपर ताजा होता. त्याच सकाळी बनवला होता, तुझी फिल्म म्हणून.”

“मग बोलला का नाहीत?”

हायपोने विचार केला. मला वाटतं, खरंच केला.

“मला कुणी विचारलंच नाही,” तो म्हणाला. “तुझ्या आईनेही नाही. तूही नाहीस. मी म्हटलं, विचारतील.”

मुलगी टेबलाकडे गेली आणि तिने तक्ते दाखवणाऱ्या यंत्रावर काहीतरी दाबलं. पडद्यावरच्या तक्त्यात अठराच्या जागी एकोणीस झाले आणि तिने ते वाचूनही दाखवलं, एकोणीसपैकी एकोणीस, शंभर टक्के, आवाज किंचित ओला, पण आकडा चोख. मग ती आमच्या रांगेत शिरली, माझ्या पुढून, मला ओलांडून, आणि हायपोच्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीत बसली. माझ्याकडे बघितलं नाही. ते मी ओळखूनच होतो. तिला आठवडा लागेल, हिला महिना. सभागृह गप्प होतं. इतकी स्तब्धता मला पूल कोसळला त्या दिवशीही मिळाली नव्हती. मला जाणवलं की आपण अजून उभे आहोत, आणि आता बोलायला हवं. विनोद नाही, खरं काहीतरी. हायपोविषयी, पन्नास वर्षांविषयी, काळोखात बसून दुसऱ्यांची चित्रं उजेडात आणणाऱ्या माणसांविषयी. शब्द येत होते, चांगले येत होते. मी घसा साफ केला आणि छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात हायपोने माझी बाही ओढली.

“उभा आहेसच,” तो म्हणाला, “तर ते मागचं दार जरा लोटून ये. मानेला वारं लागतंय.”